लिथियमचा जोडीदार: बॅटरीतलं 'टीएफएसआय' नावाचं मीठ बनतं कसं आणि करतं काय?

इलेक्ट्रिक स्कूटर बघायला शोरूममध्ये गेलात की सेल्समन एक वाक्य नक्की ऐकवतो: "सर, लिथियम-आयन बॅटरी आहे." मोबाईलच्या बॉक्सवर तेच, लॅपटॉपच्या मागे तेच. बातम्यांमध्येही लिथियमच. चिलीतल्या खाणी, चीनची पकड, २०२३ मध्ये जम्मूतल्या रियासीत सापडलेला साठा. पण या सगळ्या गोंधळात एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. लिथियमचा आयन धनभारित असतो. धनभारित आयन एकटा बाटलीत भरून मिळत नाही. त्याच्यासोबत तेवढाच ऋणभार असलेलं काहीतरी असावंच लागतं. मग बॅटरीत लिथियमच्या सोबत कोण असतं?

त्या जोडीदाराला ऋण आयन किंवा ॲनायन म्हणतात. आज आपण अशाच एका ॲनायनची ओळख करून घेणार आहोत. त्याचं पूर्ण नाव लांबलचक आहे, बिस-ट्रायफ्लुओरोमिथेनसल्फोनिल-इमाइड. सगळे त्याला टीएफएसआय म्हणतात, आपणही तेच म्हणू. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षानंतर केमिस्ट्रीचा आणि माझा फारसा संबंध उरला नाही. पण बॅटरीबद्दल वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं की खरी इंजिनिअरिंगची गंमत लिथियमपेक्षा या जोडीदारात जास्त आहे. आणि एक धोकाही आहे, तोही शेवटी बघू.

बॅटरीत मीठ कशाला?

आधी थोडी उजळणी. बॅटरीत दोन टोकं असतात. एका बाजूला ग्रॅफाइट, दुसऱ्या बाजूला लिथियम असलेलं धातूचं ऑक्साइड किंवा फॉस्फेट. मध्ये द्रव असतो, त्याला इलेक्ट्रोलाइट म्हणतात. चार्जिंग करताना लिथियमचे आयन या द्रवातून ग्रॅफाइटकडे जातात. वापरताना परत येतात. इलेक्ट्रॉन मात्र बाहेरच्या तारेतून जातात आणि तुमचं काम करतात.

हा द्रव म्हणजे एक सेंद्रिय द्रावक आणि त्यात विरघळवलेलं लिथियमचं मीठ. मीठ म्हणजे पोह्यात टाकतो तेच नाही. रसायनशास्त्रात धन आयन आणि ऋण आयन मिळून बनलेल्या कुठल्याही पदार्थाला मीठ किंवा क्षार म्हणतात. साधारण एका लिटर द्रवात एक मोल मीठ असतं. मोल म्हणजे रसायनशास्त्रातला 'डझन' समजा, फक्त आकडा खूप मोठा.

आता या मिठातल्या ॲनायनकडून आपल्या अपेक्षा काय?

- लिथियमला घट्ट धरून बसू नये. द्रवात गेल्यावर त्याला मोकळं सोडावं.
- चार व्होल्टच्या आसपासच्या दाबाखाली स्वतः तुटू नये.
- उष्णता आणि थोडासा ओलावा सहन करावा.
- बॅटरीतल्या बाकीच्या भागांशी भांडू नये.

चारही अटी एकदम पूर्ण करणारा उमेदवार अजून तरी मिळालेला नाही. पुढची सगळी गोष्ट या एका वाक्याभोवती फिरते.

सध्याचा राजा आणि त्याची अडचण

आज बहुतेक लिथियम-आयन बॅटऱ्यांमध्ये लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट हे मीठ असतं. एका फॉस्फरसभोवती सहा फ्लोरीन. विजेचं वहन उत्तम, किंमत परवडणारी. पण स्वभाव नाजूक. द्रवात असताना तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की ते तुटायला लागतं. पाण्याचा अंश मिळाला तर त्यातून हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं. हे तेच रसायन, जे काचसुद्धा खातं. बॅटरीच्या आत ते कॅथोडमधले धातू विरघळवतं आणि बॅटरीचं आयुष्य कमी करतं.

मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरला ४५ अंशांच्या उन्हात गाडी उभी करा, मग चालवा, मग लगेच फास्ट चार्जिंगला लावा. आतला सेल किती तापत असेल विचार करा. म्हणूनच गाडीतलं सॉफ्टवेअर तापमानावर सतत नजर ठेवतं आणि गरज पडली तर चार्जिंगचा वेग कमी करतं. तुम्हाला वाटतं चार्जर स्लो आहे. प्रत्यक्षात बऱ्याचदा आतली रसायनं सांभाळली जात असतात, आणि त्यात हे मीठही आलं.

दुसरे पर्यायही होते. लिथियम परक्लोरेट चांगलं चालतं, पण ते जोरदार ऑक्सिडीकारक, म्हणजे सेंद्रिय द्रावकासोबत स्फोटाचा धोका. आर्सेनिकवालं मीठ प्रयोगशाळेत छान चालायचं, पण आर्सेनिक घराघरात कोण पोचवणार?

टीएफएसआयची रचना: पालखीचं तत्त्व

टीएफएसआयच्या मध्यभागी एक नायट्रोजन असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक सल्फर. प्रत्येक सल्फरला दोन ऑक्सिजन आणि एक कार्बन. आणि त्या प्रत्येक कार्बनला तीन फ्लोरीन. मोजा: एक नायट्रोजन, दोन सल्फर, चार ऑक्सिजन, दोन कार्बन, सहा फ्लोरीन. एकूण १५ अणू आणि सगळ्यांत मिळून ऋणभार फक्त एक.

इथेच खरी युक्ती आहे. कागदावर ऋणभार नायट्रोजनवर दाखवतात, पण तो तिथे बसून राहत नाही. बाजूच्या चारही ऑक्सिजनवर तो पसरतो. दोन्ही टोकांचे फ्लोरीन इलेक्ट्रॉनांना स्वतःकडे ओढत राहतात, त्यामुळे भार आणखी पातळ होतो. पालखीचं वजन एकाच खांद्यावर असलं तर माणूस वाकतो, दहा जणांनी वाटून घेतलं तर चालताना जाणवतही नाही. तसंच हे. भार पसरलेला असल्यामुळे ॲनायनच्या कुठल्याही एका जागेला लिथियम घट्ट चिकटत नाही. आपली पहिली अट पूर्ण.

दुसरी गोष्ट लवचिकतेची. सल्फर-नायट्रोजन-सल्फर हा सांधा वळू शकतो. दोन्ही टोकं कधी एकाच बाजूला, तर कधी विरुद्ध बाजूंना. असा वेडावाकडा, आकार बदलणारा आयन स्फटिकात नीट रचून बसत नाही. त्यामुळे त्याची मिठं सहज वितळतात आणि सहज विरघळतात.

याचा पुरावा आकड्यांत बघा. आपलं खायचं मीठ ८०१ अंशांना वितळतं. लिथियम टीएफएसआय २३४ अंशांच्या आसपास. आता लिथियम काढून तिथे इथिल-मिथिल-इमिडाझोलियम नावाचा मोठा सेंद्रिय धन आयन बसवा. त्याचं क्लोराइड ८० अंशांच्या आसपास वितळतं. पण त्याचंच टीएफएसआय मीठ शून्य अंशाखालीही द्रवच राहतं! म्हणजे खोलीच्या तापमानाला बाटलीत पाण्यासारखं हलणारं, पण पाण्याचा थेंबही नसलेलं मीठ. अशा पदार्थांना आयनिक द्रव म्हणतात. ते जवळजवळ उडून जात नाहीत आणि सहज पेटही घेत नाहीत.

हे बनवतात कसं?

१९८४ मध्ये जेरी फोरोपुलोस आणि डॅरिल डेसमार्टो या रसायनशास्त्रज्ञांनी याच्या आम्लाची पद्धत प्रसिद्ध केली. कारखान्यांत आज वेगवेगळे शॉर्टकट वापरतात, पण मूळ तर्क समजायला ही पद्धत छान आहे.

१. आधी फ्लोरीनवालं टोक बनवायचं. मिथेनसल्फोनिल क्लोराइड किंवा फ्लोराइड घ्यायचं आणि निर्जल हायड्रोजन फ्लोराइडमध्ये टाकून वीज सोडायची. निकेलच्या ॲनोडवर एकेक करून हायड्रोजन जातात आणि त्यांच्या जागी फ्लोरीन येतात. बाहेर पडतो ट्रायफ्लुओरोमिथेनसल्फोनिल फ्लोराइड हा वायू.

२. हा वायू अमोनियाला भेटवायचा. अमोनियाच्या नायट्रोजनवर एक टोक जोडलं जातं आणि ट्रायफ्लुओरोमिथेनसल्फोनॅमाइड तयार होतं. अर्धं काम झालं.

३. आता दुसरं टोक जोडायचं, आणि इथे गाडी अडते. पहिल्या टोकानं नायट्रोजनकडचे इलेक्ट्रॉन आधीच ओढून घेतलेले असतात, त्यामुळे तो नवीन जोडणी करायला फारसा उत्सुक नसतो. उपाय असा की आधी त्याचं सोडियम मीठ बनवायचं आणि मग त्याच नायट्रोजनवर सिलिकॉनचा एक गट तात्पुरता बसवायचा.

४. या सिलिकॉनवाल्या मिठात पुन्हा तोच वायू सोडायचा. फ्लोरीन आणि सिलिकॉन यांचं नातं फार घट्ट. सिलिकॉन नायट्रोजनला सोडतो, वायूतल्या फ्लोरीनला पकडतो आणि स्वतः वायू होऊन निघून जातो. रिकाम्या जागी दुसरं टोक बसतं. हातात राहतं सोडियम टीएफएसआय.

५. त्यात तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून निर्वातात तापवायचं. शुद्ध आम्ल थेट वाफ होऊन वर जातं आणि थंड भागावर पांढऱ्या घन रूपात जमतं.

६. शेवटी त्या आम्लाची लिथियम कार्बोनेट किंवा लिथियम हायड्रॉक्साइडशी पाण्यात प्रक्रिया करायची. लिथियम टीएफएसआय तयार. पाणी उडवायचं आणि १०० अंशांच्या वर निर्वातात बराच वेळ वाळवायचं.

शेवटच्या वाळवण्याला हलकं समजू नका. हे मीठ हवेतला ओलावा हावरटासारखं ओढतं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाणी सोडतं ना, त्याच्या कितीतरी पुढची पायरी. फरक इतकाच की आधीच्या राजासारखं हे पाण्यानं तुटत नाही. वाळवलं की परत जसंच्या तसं. ३०० अंशांपर्यंतही टिकून राहतं. म्हणजे तिसरी अटही बऱ्यापैकी पूर्ण.

मग सगळ्या बॅटऱ्यांत हेच का नाही?

मला या विषयात सगळ्यात आवडलेला भाग हाच आहे.

बॅटरीत कॅथोडचं मिश्रण ॲल्युमिनियमच्या पातळ फॉइलवर लेपलेलं असतं. जुनं मीठ वापरलं की त्याचे काही रेणू तुटतात आणि त्यातल्या फ्लोरीनमुळे फॉइलवर ॲल्युमिनियम फ्लोराइडचा पातळ थर चढतो. हा थर पुढची झीज थांबवतो. म्हणजे ज्या दोषाबद्दल आपण इतका वेळ तक्रार करत होतो, तोच दोष फॉइलला वाचवत होता.

टीएफएसआय तुटत नाही. त्यामुळे थर बनत नाही. उलट साधारण ३.७ ते ३.८ व्होल्टच्या वर ॲल्युमिनियमचे आयन टीएफएसआयसोबत मीठ बनवून द्रवात विरघळतात आणि फॉइलला खड्डे पडायला लागतात. मोबाईलचा सेल तर ४.२ व्होल्टच्या वरही चार्ज होतो! आमच्या क्षेत्रात जुना बग काढला की त्या बगवर अवलंबून असलेलं दुसरंच काहीतरी बंद पडतं. रसायनशास्त्रातही तेच आहे म्हणायचं.

बाकी दोन अडचणी म्हणजे किंमत आणि वजन. वर सांगितलेल्या सहा पायऱ्या स्वस्तात होत नाहीत. आणि एक मोल जुनं मीठ सुमारे १५२ ग्रॅम भरतं, तर एक मोल लिथियम टीएफएसआय २८७ ग्रॅम. दोन्हींत लिथियम तेवढंच, जेमतेम ७ ग्रॅम. उरलेलं सगळं वजन जोडीदाराचं.

हे चालतं कुठे?

पॉलिमर बॅटरी. १९७० च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ मिशेल आर्मां यांनी एक कल्पना मांडली. द्रवाऐवजी पॉलिइथिलीन ऑक्साइडसारख्या पॉलिमरमध्ये मीठ विरघळवायचं. पुढे या पॉलिमरसाठी टीएफएसआय अगदी जुळून आलं, कारण त्याचा लवचिक आकार पॉलिमरच्या साखळ्यांना स्फटिक बनू देत नाही, आणि साखळ्या हलत्या राहिल्या तरच लिथियम पुढे सरकतं. पॅरिसमध्ये २०११ ते २०१८ या काळात चाललेल्या ऑटोलिब या भाड्याच्या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये याच प्रकारची बोलोरे कंपनीची बॅटरी होती. त्रास एकच, ही बॅटरी ६० ते ८० अंशांवर गरम ठेवावी लागते. आणि 'घन इलेक्ट्रोलाइट म्हणजे आग लागणारच नाही' असंही नाही. एप्रिल २०२२ मध्ये पॅरिसमध्ये बोलोरेच्या दोन बस पेटल्या आणि १४९ बस रस्त्यावरून काढून घ्याव्या लागल्या. 'सॉलिड स्टेट' शब्द असलेली जाहिरात वाचताना हे लक्षात असू द्या.

लिथियम-सल्फर बॅटरी. इथे व्होल्टेज तीनच्या खाली राहतं, त्यामुळे ॲल्युमिनियमची भानगड येत नाही. म्हणून प्रयोगशाळांत या बॅटरीसाठी टीएफएसआय जवळजवळ ठरलेलंच असतं.

पाण्याची बॅटरी. १.२३ व्होल्टला पाणी तुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊ शकतो, म्हणून लिथियम-आयन बॅटरीत पाणी चालत नाही, असा नियम. २०१५ मध्ये मेरीलँड विद्यापीठातले चुनशेंग वांग, अमेरिकी लष्कराच्या संशोधन प्रयोगशाळेतले कांग शू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक किलो पाण्यात २१ मोल लिथियम टीएफएसआय विरघळवलं. हिशोब करा: एक किलो पाण्यात सहा किलो मीठ! एवढ्या गर्दीत प्रत्येक लिथियमच्या वाट्याला पाण्याचे तीन रेणूही येत नाहीत. मोकळं पाणी उरतच नाही. शिवाय ऋण टोकावर काही टीएफएसआय तुटतं आणि लिथियम फ्लोराइडचा संरक्षक थर बनतो. मर्यादा १.२३ वरून सुमारे ३ व्होल्टवर गेली आणि त्यांची २.३ व्होल्टची बॅटरी १००० वेळा चार्ज-डिस्चार्ज झाली. न पेटणाऱ्या बॅटरीचं हे स्वप्न अजून महाग आहे, कारण सहा किलो मिठाचं बिल मोठं येतं.

सोलर सेल. पेरोव्स्काइट सोलर सेलच्या एका थराची वहनक्षमता वाढवायला चिमूटभर लिथियम टीएफएसआय घालतात. पण तिथे त्याची ओलावा ओढायची सवय नडते आणि सेलचं आयुष्य कमी होतं.

न तुटण्याची दुसरी बाजू

आता तो धोका, ज्याबद्दल सुरुवातीला बोललो होतो.

कार्बन-फ्लोरीन बंध हा सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या सगळ्यात मजबूत बंधांपैकी एक. बॅटरीत ही ताकद आपल्याला हवी असते. पण बॅटरी संपल्यावर? तो रेणू मातीत, पाण्यातही तसाच राहतो. अशा रसायनांच्या मोठ्या कुटुंबाला पीएफएएस म्हणतात, बोलीभाषेत 'कायमची रसायनं'. ओईसीडी या संघटनेच्या २०२१ च्या व्याख्येनुसार टीएफएसआयही याच कुटुंबात येतं.

२०२४ मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या नियतकालिकात एक अभ्यास आला. अमेरिका, बेल्जियम आणि फ्रान्समधल्या उत्पादन कारखान्यांच्या आसपासच्या पाण्यात आणि मातीत टीएफएसआय आणि त्याच्या भाऊबंदांचे अंश सापडले. बॅटरीच्या कचऱ्यातूनही ती बाहेर पडू शकतात, हेही त्यात दाखवलं होतं. युरोपात २०२३ पासून सगळ्या पीएफएएसवर निर्बंध आणायचा प्रस्ताव चर्चेत आहे, आणि त्यात बॅटरी उद्योगाचं काय करायचं हा मोठा वादाचा मुद्दा आहे.

इथे सोपी बाजू घेता येत नाही. पेट्रोलचा धूर नको म्हणून आपण बॅटरीकडे वळतोय. त्याच बॅटरीतला एक रेणू आपल्या नातवंडांच्या विहिरीत जसाच्या तसा सापडू शकतो. माझं मत विचाराल तर ॲनायनचा शोध थांबवू नये, पण 'बॅटरीत किती टिकतं' या प्रश्नाइतकाच 'बॅटरीबाहेर कधी तुटतं' हा प्रश्नही डिझाइनच्या पहिल्याच पानावर असावा. पाण्यातून हे रेणू अडवण्यासाठी सक्रिय कोळशाच्या गाळण्या कामी येतात. पण अडवणं आणि नष्ट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पर्याय शोधणंही चालू आहे. टीएफएसआयचा एक धाकटा चुलतभाऊ आहे, एफएसआय. यात टोकाला कार्बन नाहीच, सल्फरला थेट एक फ्लोरीन जोडलेला. आकारानं लहान, वहन जास्त चांगलं, आणि कार्बन-फ्लोरीन बंध नसल्यामुळे वरच्या व्याख्येतही बसत नाही. ॲल्युमिनियमची झीज मात्र याच्याबाबतही सांभाळावी लागते, म्हणून सध्या त्याला बहुतेक वेळा जुन्या मिठासोबत मिसळून वापरतात.

थोडक्यात

- लिथियम-आयन बॅटरीत लिथियमइतकाच त्याचा ॲनायन महत्त्वाचा असतो.
- टीएफएसआयचा ऋणभार पसरलेला आणि सांधा लवचिक, म्हणून त्याची मिठं सहज विरघळतात, उष्णता सहन करतात आणि कधीकधी शून्याखालीही द्रव राहतात.
- तो सहज तुटत नाही, म्हणून ॲल्युमिनियमवर संरक्षक थर बनत नाही. आणि त्याच कारणानं निसर्गातही तो संपत नाही.

जुना मोबाईल, पॉवर बँक किंवा इअरबड्सचा डबा कचऱ्याच्या बादलीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा ई-कचरा केंद्रावर ती जमा करा. आत सहजासहजी न तुटणारं काहीतरी असू शकतं, हे आता तुम्हाला माहीत आहे.